जिल्ह्याची प्रगती मोजताय? या चुका टाळा

जिल्ह्याच्या विकासावर प्रकल्प करणारी मुलं नागपुरात मला भेटतात, तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर हमखास दरडोई उत्पन्न असतं. ते असू द्या, पण तिथेच थांबू नका. राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब बसवणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ साली अमेरिकी काँग्रेसपुढच्या अहवालात बजावलं होतं, की या आकड्यावरून लोकांचं कितपत बरं चाललंय ते ठरवता येत नाही.

भरपाईलाच वाढ समजू नका

ही सर्वांत मोठी गफलत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. नंतर डागा लेआउटकडे गेलो, तेव्हा एका घराच्या कुंपणावर गाद्या टाकलेल्या, फ्रिज अंगणात आडवा, आणि भिंतीवर माझ्या कमरेएवढ्या उंचीवर चिखलाची सरळ रेघ. काकू म्हणाल्या, "सारं नवं घ्या लागते आता, भाऊ." नवा फ्रिज, मोटारीचं रिवाइंडिंग, रंगारी, डॉक्टर हे सगळं उलाढालीत जमा होतं. काकूंच्या घरात मात्र काहीच वाढलं नाही. होतं ते परत आणायला बचत गेली.

म्हणून खर्चाचे दोन रकाने करा: एक नवं मिळवण्याचा, दुसरा गेलेलं सावरण्याचा. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने २०१० पासून 'अस्सल प्रगती निर्देशांक' काढायला घेतला, त्यात हेच तत्त्व आहे. प्रदूषण आणि कामावर जाण्या-येण्यात गेलेला वेळ वजा होतो, घरातलं बिनपगारी काम जमेला धरलं जातं. स्वयंपाक आणि म्हाताऱ्यांची सुश्रूषा हिशेबात यायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

बांधलेलं मोजलं, संपत चाललेलं राहिलं

विदर्भाला 'अनुशेष' हा शब्द नवा नाही. १९८४ च्या दांडेकर समितीने सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण, आरोग्य यांतली तूट मोजली आणि चर्चा उत्पन्नापलीकडे नेली. हे काम मोलाचं होतं. पण त्या यादीत काय बांधायचं राहिलं ते दिसतं. जमिनीखालचं पाणी किती उरलं ते दिसत नाही. काटोल-नरखेडच्या संत्रा पट्ट्यात बाग वाचवायला बोअर आणखी खोल नेणारा शेतकरी त्या वर्षी उत्पन्नात वर जातो. त्या उत्पन्नाशेजारी विहिरीची पातळी लिहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. तुलना मे ची मे शी करा. ऑक्टोबरचा आकडा मे शी लावला, तर फक्त पावसाळा मोजला जाईल.

नळजोडण्यांचंही असंच. जलजीवन मिशनचं माप माणशी दिवसाला ५५ लिटर आहे, नुसत्या तोटीचं नाही. मे महिन्यात तोटीखाली हंडा लावून बघा. झाडं लावली किती, याऐवजी तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जगली किती, ते लिहा.

सरासरीने दुखणं झाकू नका. आरोग्य ०.९, शिक्षण ०.९ आणि पाणी ०.३ असेल तर साधी सरासरी ०.७ येते आणि अहवाल छान दिसतो. भूमितीय मध्य, म्हणजे तिन्ही आकड्यांच्या गुणाकाराचं घनमूळ, काढला तर ०.६२. संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक २०१० पासून असाच काढतात, म्हणजे एक लंगडा पाय दुसऱ्या दोन पायांमागे लपत नाही.

आकडे जुळत नसतील तर आधी हद्द तपासा. नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या केंद्रांची वीज राज्यभर जाते, राख इथेच राहते. शहराचा हिशेब महापालिकेच्या सीमेवर थांबवला तर दिवे तुमच्या रकान्यात येतील आणि राख शेजारच्या गावांच्या. त्या गावांतल्या अंगणवाडीतली मुलं खोकतात का, हे विचारायला एक दुपार पुरते.