बाळाला पहिला शेंगदाणा देताना
आमच्या खानापुरात घरोघरी दाण्याचं कूट, तरी अॅलर्जी होईल म्हणून सून नातवाला दाणा द्यायला भ्यायली. तिला सांगितलं, अंगात रेग्युलेटरी टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींना आवरणाऱ्या पेशी, असतात. जपानी शास्त्रज्ञ साकागुचींनी १९९५ साली त्या दाखवल्या. पोटातून लवकर ओळख झालेल्या अन्नावर तुटून पडू नका, असं त्या बाकीच्या पेशींना बजावतात.

बाळ सहा महिन्यांचं, वरणभात खाणारं, ठणठणीत हवं. इसब फार असेल किंवा अंड्याची अॅलर्जी असेल तर आधी डॉक्टर. भाजलेले दाणे सोलून लोण्यासारखे वाटा, कोमट पाण्यात पातळ करा. अख्खा दाणा नकोच, घशात अडकतो! चमच्याच्या टोकावर एवढंसं, तेही सकाळी. दहा मिनिटं थांबून उरलेलं. दोन तास ओठ, अंग बघत राहा. सूज, धाप दिसली तर लगेच दवाखाना. पचलं तर आठवड्यातून तीनदा, खंड न पाडता.