हाय-एंड अँप घ्यायचाय? आधी स्पीकरचा ग्राफ काढा

महागडा अँप (अँप्लिफायर) घ्यायचं डोक्यात आलं की माणूस आधी ब्रँड बघतो, मग वॉट, मग पुढची अॅल्युमिनियमची प्लेट किती जाड आहे ते, आणि स्पीकरचा विचार सगळ्यात शेवटी. हे उलटं करा. स्पीकर आणि खोली ठरली की निम्मे अँप आपोआप बाद होतात. आणि स्पीकरच बदलायचं मनात असेल तर अँपचा विषय तूर्तास बंद, कारण स्पीकर बदलून आवाजात जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच अँपने पडत नाही, विकणारा काहीही सांगो.

पहिला आकडा बघायचा तो सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठराविक व्होल्टला स्पीकर किती मोठा वाजतो त्याचा. समजा स्पीकर 86 डीबीचा आहे, म्हणजे 2.83 व्होल्ट दिले की एक मीटरवर 86 डीबी आवाज, आणि 8 ओहमला 2.83 व्होल्ट म्हणजे 1 वॉट. आता तुम्ही बसता तीनेक मीटर लांब, तर नेहमीच्या खोलीत दोन्ही स्पीकर धरून तिथे साधारण 82 पोचतो असं धरून चला. पुढचं गणित सोपं, दर 10 डीबीला दहापट वॉट, म्हणजे 92 ला 10 वॉट आणि 102 ला 100. सरासरी 80-82 वर ऐकणाऱ्यालाही ऑर्केस्ट्रा किंवा ड्रमचे पीक 15-20 डीबी वर जातात, त्यामुळे 100 वॉट ही चैन नाही. पण स्पीकर 92 डीबीचा असेल तर तेच काम 25 वॉटमध्ये होतं! आणि 100 च्या ऐवजी 150 वॉटचा घेतला तर जास्तीचे मिळतात पावणेदोन डीबी, बस्स, त्यासाठी किती पैसे मोजायचे ते तुमचं तुम्ही ठरवा.

यात एक गोम आहे. 4 ओहमच्या स्पीकरला 2.83 व्होल्ट म्हणजे 2 वॉट होतात, त्यामुळे ब्रोशरमधला 90 डीबीचा आकडा खरं तर 87 चा असतो.

दुसरी गोष्ट इम्पिडन्स, म्हणजे स्पीकर करंटला करतो तो विरोध, ओहममध्ये मोजलेला, आणि खरी मेख इथेच आहे. "8 ओहम नॉमिनल" हे नुसतं नाव, प्रत्यक्षात तो आकडा फ्रिक्वेन्सीप्रमाणे वरखाली होत राहतो, कुठे 20 ओहम तर कुठे साडेतीन. स्टीरिओफाइलसारखी मासिकं स्पीकर मोजून हा ग्राफ छापतात, तुमच्या मॉडेलचा शोधा. 80 ते 150 हर्ट्झच्या पट्ट्यात रेघ 4 च्या खाली जात असेल आणि तिथेच फेज अँगलही (व्होल्टेज आणि करंट एकमेकांच्या किती मागेपुढे आहेत तो) मोठा असेल तर अँपला करंट भरपूर द्यावा लागणार, कारण संगीताची बरीच ताकद याच भागात असते. मग अँपच्या स्पेकमध्ये 8 आणि 4 ओहमचे आकडे शेजारी ठेवून बघा. 100 चे 180-200 होत असतील तर पॉवर सप्लाय दणकट, 100 चे 130 च होत असतील तर असा स्पीकर त्याच्या गळ्यात मारू नका. 4 ओहमचा आकडाच दिला नसेल तर का नाही दिला ते विचारा. (काही कंपन्या 8 ओहमचा आकडा मुद्दाम कमी लिहितात, म्हणजे दुप्पट दिसतं, तेही लक्षात असू द्या.)

ट्यूबवाल्यांनी (ट्रान्झिस्टरऐवजी जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचे अँप वापरणाऱ्यांनी) हे जास्तच मनावर घ्यावं. 300बी नावाच्या एकाच ट्यूबवर चालणारा सिंगल-एंडेड अँप म्हणजे जेमतेम 8 वॉट, हॉर्न स्पीकरवर कमाल वाजतो, पण आउटपुट इम्पिडन्स (अँपचा स्वतःचा आतला विरोध) 2 ओहम असला आणि स्पीकर 4 ते 20 च्या मध्ये हिंदकळत असला तर फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्समध्येच अडीच डीबीच्या वर चढउतार होतो. काहींना नेमका तोच "वॉर्म" साउंड आवडतो, आवडू दे, फक्त दुसऱ्या स्पीकरवर तो तसाच येईल असं धरू नका.

क्लासवरून (अँपच्या सर्किटच्या प्रकारावरून) भांडत बसू नका. क्लास ए पुश-पुल 30 अधिक 30 वॉटचा असेल तर गाणं चालू असो नसो किमान 120 वॉट खातो, प्रत्यक्षात जास्तच, म्हणजे बंद कपाटात ठेवायचा विषयच नाही. क्लास डी जुना असेल तर स्पीकर बदलला की ट्रेबल बदलायचा, पण हायपेक्स किंवा प्युरिफाय या कंपन्यांची मॉड्यूल आउटपुट फिल्टरच्या पुढून फीडबॅक घेतात, म्हणजे तिथला सिग्नल बघून चूक सुधारतात, त्यामुळे ती कटकट गेली. माझं मत विचाराल तर अवघड स्पीकर आणि लहान जागा असेल तर सरळ क्लास डी.

आता ऐकायला जाताना खिशात मल्टीमीटर ठेवा, लोक हसतील, हसू द्या. 60 हर्ट्झचा टेस्ट टोन लावायचा, स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज बघायचं, पहिल्या अँपवर 2.00 आलं तर दुसऱ्यावरही व्हॉल्यूम फिरवून 2.00 च्या जितकं जवळ नेता येईल तितकं न्यायचं, 2.02 पर्यंत ठीक. एवढं केलं नाही तर जो किंचित मोठा वाजतो तोच "ओपन" आणि "डायनॅमिक" वाटतो, आणि विकणाऱ्याला हे तुमच्याआधी माहीत असतं. शक्य असेल तर अँप घरी आणून स्वतःच्या स्पीकरवर ऐका.

घरी आणलात की तुमचा डॅक (डिजिटल गाण्याचा अॅनालॉग सिग्नल करणारा डबा) लावून व्हॉल्यूम बघा. डॅक एक्सएलआरवरून (तीन पिनच्या बॅलन्स्ड जोडणीवरून) 4 व्होल्ट देतो आणि अँपचा गेन (तो सिग्नल किती पट वाढवतो ते) जास्त, असं असेल तर नॉब जरा हलवला की खोली दणाणते आणि रात्री हळू ऐकताना ताळमेळच लागत नाही. मग गाणं थांबवून ट्वीटरला (स्पीकरमधल्या उंच सुरांच्या छोट्या भागाला) कान लावा. हिस (बारीक सूं आवाज) कानाशीच संपत असेल तर चालेल, बसायच्या जागेवरूनही ऐकू येत असेल तर अँप परत करा.