प्रिंटर वर, बाबा खाली: दोन राउटर जोडण्याआधीची तयारी

कोथरूडच्या आमच्या दुमजली घरात फायबरचं कनेक्शन तळमजल्यावर येतं. वरच्या खोलीत रेंज मिळेना म्हणून मी तिथे दुसरा राउटर लावला. इंटरनेट दोन्हीकडे छान चालायचं, पण प्रिंटर वर, बाबांचा लॅपटॉप खाली, आणि त्यांच्या स्क्रीनवर प्रिंटर कायम ‘ऑफलाइन’. विम्याचा एक फॉर्म छापायला बाबा पेनड्राइव्ह मुठीत घेऊन, गुडघा धरत जिना चढून आले, तेव्हा मला फार वाईट वाटलं. तुमच्याकडेही असं असेल तर एखादा मोकळा शनिवार ठरवा आणि त्याआधी एवढं करून ठेवा.

पहिल्यांदा दुखणं हेच आहे ना ते बघा. फोनच्या सेटिंगमध्ये वायफायच्या नावाखाली आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्या उपकरणाचा क्रमांक, दिसतो. आमच्याकडे खाली तो १९२.१६८.१.१०४ होता आणि वर १९२.१६८.०.१०५. तिसरा आकडा बदलला, म्हणजे घरात दोन वेगळी नेटवर्क आहेत. दुसरा राउटर आपल्या मागची उपकरणं झाकून ठेवतो. त्यामुळे वरून खालचं उपकरण पत्ता घालून उघडेलही, पण खालून वरचा प्रिंटर सापडत नाही.

मग घरात पत्ते कोण वाटणार, हे ठरवा. माझ्या मते सगळ्या कामात महत्त्वाचं हेच आहे. पत्ते वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, फायबरच्या राउटरकडेच राहू द्या. दुसऱ्याने फक्त वायफाय पसरवायचं. त्याच्या सेटिंगमध्ये (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं) ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, बाकीचं बरंचसं तोच सांभाळतो. नसेल तर हाताने करावं लागतं, आणि तिथे क्रम चुकवू नका. लॅपटॉप केबलने दुसऱ्या राउटरला जोडा. आधी त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, पहिल्या राउटरच्या वाटपाच्या यादीत हा पत्ता येत नाही ना, ते तपासून. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून मग डीएचसीपी बंद करा. मी आधी डीएचसीपी बंद केलं, राउटर रीस्टार्ट झाला, लॅपटॉपला पत्ताच मिळेना, आणि पिनने रीसेट करून सगळं पहिल्यापासून करावं लागलं. शेवटी खालून आलेली केबल वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टमधून (इंटरनेट आत येण्याची जागा) काढून लॅनच्या (घरातली उपकरणं जोडण्याच्या) कुठल्याही पोर्टमध्ये लावा.

रीसेटनंतर लागणारा मूळ पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या पोटाखालच्या लेबलावर असतो, म्हणून दोन्ही लेबलांचे फोटो आदल्या दिवशीच काढून ठेवा. ॲडमिनचा पासवर्ड बदललेला असेल तर तोही शोधून ठेवा. केबल नवी घ्यायची असेल तर जिन्यावरून, दाराच्या चौकटीवरून सुतळी फिरवून लांबी मोजा आणि मगच तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जा. कॅट ६ प्रकारची नेटवर्क केबल घ्या. १०० मीटरपर्यंत चालते, घराला पुरून उरते.

वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा, म्हणजे जिना चढताना फोन आपोआप दुसरा राउटर पकडतो. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्टीचे चॅनेल मात्र वेगळे, एकीकडे १ तर दुसरीकडे ६ किंवा ११. बरेच जुने प्रिंटर फक्त २.४ पकडतात, तेव्हा ती पट्टी बंद करून टाकू नका.

प्रिंटरला पहिल्या राउटरमध्ये पत्ता राखून द्या, नाहीतर कधीतरी तो बदलेल आणि बाबा पुन्हा जिन्यापाशी. विंडोजमध्ये नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा, जुना प्रिंटर काढून नव्याने जोडा. कुठलंही उपकरण गेस्ट वायफायवर राहिलं नाही ना, हे बघा. तिथे उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच सोय असते. वर भाडेकरू राहत असतील तर मात्र यातलं काहीच करू नका, त्यांचं नेटवर्क वेगळंच असलेलं बरं.

चाचणी बाबांच्याच लॅपटॉपवरून, बाबांच्याच हाताने घ्या. आमच्याकडे पहिला कागद वर छापला गेला तेव्हा ते खालून ओरडले, “आला का?” राउटरचे दोन आणि प्रिंटरचा एक, असे तिन्ही पत्ते मी चिठ्ठीवर लिहून त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत.