घरातल्या मांजराला लस कशाला, असं मीपण म्हणायचे

रेस्क्यू, म्हणजे रस्त्यावरच्या जखमी-आजारी मांजरांना वाचवायचं काम, नवीन सुरू केलं असलं तरी टॉवेल, भोकं पाडलेला खोका, जाड ग्लोव्हज एवढं तुमच्याकडं असणारच, ते परत सांगत बसत नाही. मी जिथं आपटले तेवढंच नीट सांगते.

माझी मांजर चटणी. कांदा-लसूण चटणीसारखा रंग म्हणून ते नाव. कोल्हापुरात राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, बाल्कनीला जाळी, दीड वर्षात तिनं जिना बघितला नव्हता. डॉक्टरांनी दोनदा सांगितलेलं की ट्रायकॅट लस देऊन घ्या, आणि मी आपली शहाणी, म्हणायचे बाहेर जातच नाही तर रोग येणार कुठनं?

जुलैतल्या पावसात रंकाळ्यावर भेळेच्या गाड्यांमागं एक पिल्लू मिळालं, भिजून गार पडलेलं, मागचा पाय सुजलेला. ओढणीत गुंडाळून घरी आणलं आणि बाथरूममध्ये ठेवलं. मला वाटलं झालं की वेगळं! पण त्याला सिरिंजनं भरवायचे, हात नुसते नळाखाली धरायचे, आणि त्याच कुर्त्यावर चटणीला मांडीवर घ्यायचे, बाथरूमची चप्पल घरभर. तिसऱ्या दिवशी पिल्लू गेलं, मला वाटलं पायामुळं असेल, थंडीनं असेल. सहाव्या दिवशी चटणीनं खाणं सोडलं. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसायची, पण पीत नव्हती. मग उलट्या. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी जवळपास संपलेल्या. पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांना होणारा पार्वो व्हायरसचा आजार. त्या व्हायरसवर थेट औषध नाही, सलाईन, उलटीचं इंजेक्शन, अँटिबायोटिक लावायचं आणि वाट बघायची. चौथ्या दिवशी पहाटे गेली.

तिला बाहेर जायची गरजच नव्हती, बाहेरचं मी घेऊन आलेले. हे मी दहा वेळा सांगते तरी नवीन पोरं ऐकत नाहीत म्हणून अकराव्यांदा: हा व्हायरस हातावरनं, कपड्यावरनं, चपलेवरनं, वाटीवरनं येतो, आणि खोलीत वर्षभरसुद्धा टिकू शकतो. माणसाला काही करत नाही म्हणून आपल्याला पत्ताच लागत नाही. डेटॉल आणि फिनेलवर विसंबू नका, त्यानं तो मरत नाहीच, वर मांजर त्या फरशीवरनं चालून पंजे चाटतं आणि त्यातली फिनॉलं मांजराला विषारी. आधी साबणानं घासून घाण काढा, मग ब्लीच, एका भागाला बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग धुऊन कोरडं करा. ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळायचं नाही. नवीन पिल्लू चौदा दिवस बंद दाराआड, त्याच्या वाट्या, शी-शूचा ट्रे, कपडे, चप्पल सगळं वेगळं. आणि क्रम पाळा, आधी घरच्या मांजराचं सगळं उरका, आजारी पिल्लू शेवटी, उलटं नाही. लस मात्र पिल्लू घरी आणायच्या आधी झालेली पाहिजे, त्या दिवशी टोचून भागत नाही, शरीराला तयार व्हायला वेळ लागतो. लहान पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करतात आणि साधारण सोळा आठवड्यांपर्यंत पुढचे डोस असतात.

हे वाचून रेस्क्यूच नको असं म्हणू नका हां. एक बाथरूम आणि एक जुना गाऊन, एवढ्यावर भागतं.

बाकीचं पटकन. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजायची घाई नको, आधी ऊब, अंग गरम झाल्याशिवाय त्याला पचत नाही. ताप आला म्हणून क्रोसिन अजिबात नाही, एक गोळी मांजराला मारायला पुरते. अळ्या पडलेल्या जखमेत फिनेल ओता, हळद भरा असं सांगणारे रीलवाले भेटतील, त्यांना सरळ ब्लॉक मारा. मला विचाराल तर गुरू असा धरा जो तुम्हाला डॉक्टरकडं पाठवतो, स्वतःची औषधाची पिशवी उघडत बसणारा नको. मला शिकवणारा शिवाजी पेठेतला दादा लई शिव्या देतो, पण मला मांजर चावलं तेव्हा आधी त्यानंच पंधरा मिनिटं नळाखाली साबणानं हात धुवायला लावला आणि मला तशीच गाडीवर बसवून सीपीआर या सरकारी दवाखान्यात नेलं, आजी अजून त्याला थोरला दवाखानाच म्हणते. ओरखड्यालासुद्धा रेबीजचं इंजेक्शन घ्यायचं, लाजायचं नाही. आणि घुबड, खवल्या मांजर, असलं काही सापडलं तर नाव मांजर असलं तरी ते आपलं काम नाही, वनखात्याचा १९२६ लावा, १९७२ च्या कायद्यानं ते घरात ठेवता येत नाही.

बाल्कनीची कबुतरांची नायलॉन जाळी मांजर कुरतडतं, दर महिन्याला हातानं ओढून बघा. वरनं पडलेलं मांजर उठून चालायला लागलं तरी डॉक्टरला दाखवा, छातीत मार लागलेला असू शकतो आणि तो दिसत नाही. तोंड उघडून धापा टाकत असेल तर रात्रीचे दोन वाजलेत का बघू नका.

चटणीनंतर वर्षभर मी घरात एकही पिल्लू आणलं नाही, फक्त दुसऱ्यांच्या घरी पोचवायचे. आता भडंग आहे, मोठा बोका, सगळ्या लसी झालेला. आणि बाथरूममध्ये लक्ष्मीपुरीतनं आणलेलं एक काळं पिल्लू, आज नववा दिवस. आई आंघोळीला शेजारच्या काकूंकडं जाते आणि येताना रोज विचारते, अजून किती? पाच, म्हटलं.