सौर आणि पवन ऊर्जेचे नकाशे वाचताना या चुका टाळा

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत सौर पॅनेल बसवायचं ठरलं, तेव्हा मी उपग्रहाच्या चित्रावरून गच्ची मोजली. ३,००० चौरस फूट, किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट, म्हणजे ३० किलोवॅट. मग मोजपट्टी घेऊन वर गेलो. पाण्याच्या दोन टाक्या, लिफ्टची मशीन रूम, डिश अँटेना, टाक्या धुणाऱ्याला लागणारी वाट. निम्म्याहून कमी जागा उरली. अख्ख्या शहराचा अंदाज काढतानाही छपराचं सगळं क्षेत्रफळ पॅनेलच्या खात्यात धरलं, तर हेच होतं.

सावली तर याहून फसवी. पाहणी मे महिन्यात करू नका. मुंबई १९ अंश उत्तरेला आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेलाच असतो आणि टाकीची सावली तिच्या पायाशीच राहते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वर जा. सूर्य माथ्यावर येतो तेव्हा, म्हणजे साडेबाराच्या सुमारास, ३ मीटर उंच टाकीची सावली उत्तरेकडे पावणेतीन मीटर पोचते. सकाळी साडेनऊला तीच जवळपास साडेपाच मीटर असते. दर तासाला तिची कड खडूने आखा. स्ट्रिंगमधल्या, म्हणजे एकामागोमाग तारेने जोडलेल्या पॅनेलांच्या माळेतल्या, एका पॅनेलवर सावली आली तरी बाकीच्यांचं उत्पादनही घसरू शकतं.

नकाशातला आकडा कशाचा, तेही बघा. मुंबईत दिवसाला चौरस मीटरमागे ५ युनिटच्या आसपास असं दिसतं, ते पडणारं ऊन आहे, वीज नव्हे. पॅनेल त्यातला साधारण पाचवा हिस्सा पकडतं. उष्णता, धूळ आणि इन्व्हर्टर त्यातूनही थोडं खातात. किलोवॅटमागे दिवसाला सुमारे ४ युनिट धरा. तीही वर्षाची सरासरी, जुलै-ऑगस्टच्या ढगांत ती बरीच खाली येते.

नेमका त्याच दिवसांत साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर वारा जोरात असतो. म्हणून राज्याचं नियोजन करताना दोन्ही नकाशे महिनावार शेजारी ठेवून बघावेत, असं मला कळकळीने वाटतं.

वाऱ्याच्या सरासरीवर मात्र विसंबू नका. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाने वाढते. सतत ५ मीटर प्रति सेकंद वारा असेल तर घन १२५. अर्धा वेळ ३ आणि अर्धा वेळ ७ असेल तर सरासरी तीच ५, पण घनांची सरासरी १८५. शिवाय राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे १२०-१५० मीटर उंचीचे आकडे पाच मजली इमारतीच्या गच्चीला लावू नका. इमारतींच्या गर्दीत तिथला वारा मंद आणि भोवऱ्यांचा असतो.

आणि पैसे भरण्याआधी दक्षिणेकडच्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास ठरलाय का, ते विचारून या. तिथे ६० मीटरचा टॉवर उभा राहिला, तर डिसेंबरच्या भर दुपारी त्याची सावली ५५ मीटर लांब पडेल.