वेगवान पॅराशूट लँडिंग शिकताना या चुका टाळा

स्कायडायव्हिंगमधील अनेक जीवघेण्या अपघातांत पॅराशूट व्यवस्थित उघडलेले असते. डोक्यावर पूर्ण फुगलेली, निर्दोष कॅनॉपी (पॅराशूटचा कापडी पंख) असते आणि तरीही जमिनीपासून शेवटच्या तीन-चारशे फुटांत सगळे बिघडते. वळण घेऊन कॅनॉपीला मुद्दाम डाइव्हमध्ये घालायचे, त्या डाइव्हचा वेग जमिनीला समांतर करायचा आणि गवताला जवळजवळ स्पर्श करत लांबवर सरकत जायचे, याला आपण स्वूप म्हणतो. निष्णात पायलट यात ताशी १०० किलोमीटरच्या पुढे सहज जातात. हे कौशल्य सुंदर आहे, मला ते मनापासून आवडते आणि म्हणूनच गेली अनेक वर्षे नवशिक्यांना शिकवताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा पाहून मला वाईट वाटते. त्यांतील बहुतेक चुका अज्ञानामुळे होत नाहीत, घाईमुळे होतात.

उंची कमी असूनही वळण सुरू करणे

या चुकीबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तिचा परिणाम मी अगदी जवळून पाहिला आहे.

फ्रंट रायझर, म्हणजे कॅनॉपीच्या दोऱ्या हार्नेसला जोडणारा पुढचा पट्टा, ओढला की कॅनॉपीचे नाक खाली झुकते, ती वळू लागते आणि वेग घेते. रायझर सोडल्यावर ती लगेच सपाट होत नाही. ती आपणहून पुन्हा डोक्यावर येऊन समतल उडू लागेपर्यंत आणखी उंची खर्च होते आणि या टप्प्याला रिकव्हरी आर्क म्हणतात. मोठ्या, सौम्य कॅनॉपीचा आर्क छोटा असतो. लहान, लंबवर्तुळाकार आणि जास्त भार असलेल्या कॅनॉपीचा तो बराच लांब असतो. वळणाला लागणारी उंची आणि रिकव्हरीला लागणारी उंची यांची बेरीज हा तुमचा आकडा. तो प्रत्येक कॅनॉपीला, प्रत्येक वजनाला आणि प्रत्येक दिवशी थोडा वेगळा असतो.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या तीनशेच्या आसपास उड्या झाल्या होत्या. १५० चौरस फुटांची कॅनॉपी, तिच्यावर त्याचा हात चांगला बसलेला आणि सकाळच्या गार हवेत त्याने ९० अंशांची तीन वळणे ३५० फुटांवरून अगदी स्वच्छ उतरवली. दुपारी ऊन चढल्यावर तो चौथ्यांदा वर गेला. उतरताना त्याच्यासमोर दुसरी एक कॅनॉपी रेंगाळत होती, तिला वळसा घालण्यात त्याची उंची गेली आणि वळणाच्या जागी तो पोहोचला तेव्हा त्याच्या मनगटावरचा अल्टिमीटर ३१० फूट दाखवत होता. त्याने तो आकडा पाहिला होता. हे त्यानेच मला नंतर सांगितले. तरीही त्याने उजवा रायझर ओढला.

मी उतरण्याच्या पट्ट्याच्या कडेला, त्याच्यापासून चाळीसेक पावलांवर उभी होते. वळण निम्मे झाले तेव्हाच त्याचे डोके वर उचललेले आणि खांदे ताठ झालेले मला दिसले, म्हणजे जमीन जवळ असल्याचे त्याला कळले होते. त्या क्षणी त्याने दोन्ही टॉगल (ब्रेकच्या दोऱ्यांच्या मुठी) कमरेपर्यंत खेचले असते तर कदाचित निभावले असते, पण तो आधी वळण पूर्ण करत राहिला आणि ब्रेक त्यानंतर ओढले. कॅनॉपी सपाट होत होती, पण त्याचे पाय आधी जमिनीला लागले. गवतात दोन टाचांच्या खोल खुणा आणि त्यापुढे मातीचा लांब ओरखडा उमटला होता. मांडीचे हाड मोडल्याचा आवाज मला चाळीस पावलांवर ऐकू आला. मी धावत त्याच्याजवळ गेले तेव्हा तो पहिले वाक्य बोलला ते असे: "ताई, फक्त चाळीस फूट कमी होते."

ते चाळीस फूटही खरे नव्हते, त्याला कमी पडलेले अंतर त्याहून जास्त होते. हवेचा दाब तोच राहून तापमान १५ अंशांवरून ३५ अंशांवर गेले तर हवेची घनता सुमारे साडेसहा टक्क्यांनी घटते. विरळ हवेत तीच कॅनॉपी जास्त वेगाने उडते आणि डाइव्हमधून बाहेर येताना तिचा वक्र त्याच प्रमाणात मोठा होतो. सकाळी ३५० फुटांत बसणाऱ्या वळणाला दुपारी आणखी वीसेक फूट लागणार होते. म्हणजे तो चाळीस नव्हे, साठ फूट खाली होता आणि त्याला हे कोणी सांगितले नव्हते, किंवा सांगितले असले तरी त्याने ते मनावर घेतले नव्हते.

यावर माझी स्वतःची सवय अशी आहे. मी प्रत्येक उडीआधी दोन आकडे मोठ्याने म्हणते: वळण ज्या उंचीवर सुरू करायचे तो, आणि ज्याच्या खाली वळण घ्यायचेच नाही तो. दोन्हींत मी फार तर पंचवीस फुटांचा फरक ठेवते. दुसऱ्या आकड्याखाली अल्टिमीटर दिसला की माझे हात टॉगलवरच राहतात आणि मी सरळ, साधे लँडिंग करते. विद्यार्थ्यांना मी शिकवण्याच्या पहिल्या दिवसापासून दर पाचव्या उडीला मुद्दाम वळण रद्द करायला लावते, कारण रद्द करण्याचा सराव झाल्याशिवाय तो निर्णय ऐनवेळी सुचत नाही. अनेकांना हे वाया गेलेले लँडिंग वाटते आणि ते चेहऱ्यावर दिसतेही. तरीही माझ्याकडे शिकायचे असेल तर ही सक्ती आहे.

डाइव्ह सुरू झाल्यावर शंका आली तर मात्र क्षणभरही थांबू नये. पंख आधी सरळ करावा, लगोलग ब्रेक घ्यावेत आणि पाय जुळवून, गुडघे किंचित वाकवून पॅराशूट लँडिंग फॉल, म्हणजे जमिनीला लागताच बाजूला लोळून आघात पसरवणे, करण्याची तयारी ठेवावी. स्वूप लांब गेला नाही याचे दुःख दुसऱ्या दिवशी राहत नाही. आणि रिकव्हरी आर्क मोजायचा तो दोन-अडीच हजार फुटांच्या वर, आजूबाजूला कोणी नसताना. वळण सुरू करतानाची उंची टिपा, कॅनॉपी आपोआप समतल झाल्यावरची उंची टिपा, आणि हे निदान दहा वेळा करा. विमानातून ५,००० फुटांवर उतरून लवकर कॅनॉपी उघडण्याच्या उड्या यासाठी उत्तम. दोन वेळा मोजून सरासरी काढणाऱ्यांचे आकडे मी स्वीकारत नाही.

लहान कॅनॉपी म्हणजे चांगला स्वूप, असे समजणे

शंभरेक उड्या झाल्या की हा प्रश्न हमखास येतो: "१२० घेऊ का? मित्र स्वस्तात देतोय." स्वस्तात मिळते म्हणून कॅनॉपी घेणे हे मला या खेळातील सर्वांत महागडे कारण वाटते.

साधा हिशेब करून पाहा. साहित्यासह तुमचे वजन १९५ पौंड असेल तर २३० चौरस फुटांच्या कॅनॉपीखाली विंग लोडिंग (पौंडांतले वजन भागिले चौरस फुटांतले क्षेत्रफळ) ०.८५ येते, १५० खाली १.३ आणि १२० खाली १.६ च्या वर. वेग विंग लोडिंगच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ०.८५ वरून १.३ वर गेल्यास तो सुमारे २४ टक्क्यांनी वाढतो. ऐकायला हे फारसे वाटत नाही. पण जमिनीवर आपटताना शरीराला जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती दीडपट होते. त्यातच लहान कॅनॉपीच्या दोऱ्या आखूड असतात आणि तिचा प्रत्येक प्रतिसाद लवकर येतो, त्यामुळे विचार करायला मिळणारा वेळ आटतो.

इथे कमी वजनाच्या उडीपटूंसाठी, विशेषतः मुलींसाठी, एक गोष्ट वेगळी सांगावी लागते, कारण माझी स्वतःची यात फसगत होता होता राहिली. विंग लोडिंग १.२ आहे, म्हणजे सुरक्षित, असे कागदावर वाटते. पण १०७ चौरस फुटांच्या कॅनॉपीखालचे १.२ हे १७० खालच्या १.२ पेक्षा बरेच चपळ आणि कमी क्षमाशील असते. फक्त भागाकाराचे उत्तर पाहून कॅनॉपी निवडू नये.

कॅनॉपी लहान करण्याआधी मी विद्यार्थ्याकडून काही गोष्टी त्याच्या आत्ताच्याच कॅनॉपीवर मागते. दहा मीटर व्यासाच्या वर्तुळात सलग दहा लँडिंग. वारा नसताना आणि आडवा वारा असताना दोन्ही प्रकारे उभे राहून उतरणे. फ्लेअर (उतरताना दोन्ही टॉगल ओढून वेग कमी करणे) सुरू असताना ४५ अंशांपर्यंत दिशा बदलणे. आणि ब्रेकमधले सपाट वळण. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. दोन्ही टॉगल अर्ध्यापर्यंत ओढून ठेवायचे आणि जिकडे वळायचे त्याच्या विरुद्ध बाजूचा टॉगल थोडा वर सोडायचा, म्हणजे कॅनॉपी न झुकता वळते आणि उंची फार कमी जाते. शेवटच्या क्षणी समोर माणूस, कुंपण किंवा दुसरी कॅनॉपी आली तर हेच वळण वाचवते; घाबरून एकच टॉगल खाली खेचणाऱ्याला कॅनॉपी जमिनीकडे डाइव्ह देते, आणि अशा खालच्या वळणांत माणसे दगावतात. हे सगळे जमते असे दिसले की बहुतेकांना आपली जुनी कॅनॉपीच पुष्कळ लांब स्वूप देऊ लागल्याचे जाणवते आणि १२० चा विषय काही महिन्यांसाठी मागे पडतो.

उड्यांच्या संख्येवर बोट ठेवणाऱ्यांना एक सांगते. यूएसपीए या अमेरिकेतील पॅराशूट संघटनेचे ए लायसन्स २५ उड्यांवर मिळते आणि डी लायसन्स ५०० वर. पण ५०० उड्यांपैकी ४५० उड्यांत कॅनॉपीखाली फक्त विमानाच्या दिशेने पाहत, विचार न करता खाली आलेला माणूस कॅनॉपी उडवण्यात नवशिकाच असतो. प्रत्येक उडीत कॅनॉपीखालची चार-पाच मिनिटे मिळतात. ती वापरणाऱ्याला दोनशे उड्यांतही खूप काही येते.

बाकीच्या चुका

थेट ९० अंशांच्या वळणापासून सुरुवात करू नये. आधी पूर्ण वेगातले सरळ लँडिंग, मग दोन्ही फ्रंट रायझर एकत्र ओढून सरळ डाइव्ह, मग छोटे वळण, आणि ९० अंश त्यानंतर. १८० आणि २७० ची गोष्ट नवशिक्याने माझ्याशी काढली तर मी विषय बदलते.

फ्रंट रायझर पकडताना टॉगल हातातून सोडू नयेत. बोटे टॉगलमध्ये ठेवूनच रायझरचे लूप धरायची सवय लावा. चुकून सुटलेला टॉगल दोनशे फुटांवर शोधत बसणे जिवावर बेतते.

रायझर झटक्याने सोडू नका, हळूहळू सैल करा.

फ्रंट रायझर ओढल्यावर कॅनॉपी थडथडत असेल किंवा उसळत असेल, तर बहुधा ब्रेकच्या दोऱ्या आखूड आहेत आणि रायझर ओढताना शेपूटही खाली खेचली जाते. पुरेशा उंचीवर तपासा, मग रिगरकडे (पॅराशूटची दुरुस्ती-देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाकडे) जा. स्वतः गाठी सोडून लांबी वाढवू नका.

झाडे, इमारती किंवा हँगरच्या वाऱ्याखालच्या बाजूला स्वूप करू नका. अडथळ्याच्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत हवेत भोवरे असू शकतात, आणि वेगात असलेली कॅनॉपी अशा हवेत अर्धी कोसळली तर तिला सावरायला उंचीच उरत नाही.

सगळे एकाच वेळी उतरत असताना त्यांच्यामध्ये स्वूप करणे हा माझ्या मते अक्षम्य अपराध आहे. खाली असलेल्या कॅनॉपीला पहिला हक्क असतो. स्वूप करायचा तर वेगळ्या जागी, किंवा सगळे उतरून मैदान मोकळे झाल्यावर.

जमीन जवळ आली तरी उडीपटू वेगाने पडत असेल तर राखीव कॅनॉपी आपोआप उघडणाऱ्या यंत्राकडे फार कमी लोक लक्ष देतात. सायप्रेस या अशा यंत्राचे विद्यार्थ्यांसाठीचे मॉडेल खाली येण्याच्या सेकंदाला १३ मीटर वेगावरच सुरू होते, तर एक्स्पर्ट मॉडेल ३५ मीटरवर. विद्यार्थ्यांचे यंत्र बसवलेले उधार साहित्य घेऊन फ्रंट रायझरची वळणे घेतलीत, तर मुख्य कॅनॉपी उघडी असताना राखीव कॅनॉपी बाहेर येऊ शकते. कोणाचेही हार्नेस घालण्याआधी त्यातले यंत्र कोणते आणि कोणत्या मोडमध्ये आहे ते पाहा.

आणि नवी कॅनॉपी घेतली, जुन्या कॅनॉपीला नव्या दोऱ्या लावल्या, किंवा तीन महिन्यांहून जास्त खंड पडला, तर वळणाचा आकडा जुन्या वहीतून घेऊ नका. मी अशा वेळी पहिल्या पाच उड्या सरळ लँडिंगच्याच करते आणि रिकव्हरी आर्क वर जाऊन पुन्हा दहा वेळा मोजते.