माळावरचं काळवीट पाहताय? या चुका टाळा

मे महिन्यात बांधावरच्या कॅमेऱ्यात हरणं येईनाशी झाली की 'कळप निघून गेला' असं समजून कॅमेरा काढून घेतला जातो. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरातल्या शेतांवर बहुतेकदा कळप तिथंच असतो, चुकतो तो कॅमेरा. समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या या ट्रॅप कॅमेऱ्याचा सेन्सर जनावराचं अंग आणि मागची जमीन यांच्या तापमानातला फरक टिपतो. पारा चाळिशीच्या पुढं गेला की हा फरक जवळजवळ उरत नाही आणि समोरून दहा हरणं गेली तरी फोटो निघत नाही. म्हणून उन्हाळ्यात सेन्सरची संवेदनशीलता 'हाय'वर ठेवा आणि मोजणीसाठी पहाटेचे व दिवस मावळतानाचेच फोटो धरा. कॅमेरा बाभळीच्या किंवा लिंबाच्या जाड खोडाला, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, उत्तरेकडं तोंड करून बांधा. पूर्व-पश्चिम बांधला तर ऊन थेट भिंगात येतं. बारीक फांदी वाऱ्यानं हलते आणि कार्ड रिकाम्या फोटोंनी भरतं. समोरचं तीन-चार मीटरमधलं गवतही कापून घ्या.

दुसरी चूक रंगावरून नर-मादी ठरवण्याची. तपकिरी दिसली म्हणजे मादी, असं नसतं. कोवळे नर तपकिरीच असतात, आणि हिवाळ्यानंतर केस गळाले की बऱ्याच मोठ्या नरांचा काळा रंगही फिका पडतो. रंगावर मोजलं तर एप्रिलमध्ये नर निम्म्यावर आल्यासारखे वाटतील. शिंगं बघा: काळविटाच्या मादीला सहसा शिंगं नसतात, पूर्ण वाढलेल्या नराच्या शिंगांना तीन-चार पीळ असतात. छोट्या, वळेदार पण पीळ नसलेल्या शिंगांचं, सारखी काळी शेपटी हलवणारं जनावर दिसलं तर ते चिंकारा; त्याची नोंद वेगळी करा.

लेंड्यांकडं बारकाईनं बघणारे कमी. शेळीच्या लेंड्या वाटेनं विखुरतात. हद्द धरून बसलेला नर मात्र पुन्हा पुन्हा एकाच जागी टाकतो. ढिगात खाली पांढुरक्या, भुगा होणाऱ्या लेंड्या आणि वर काळ्या, चकाकणाऱ्या दिसल्या तर नर आजही तिथं येतोय. असे ढीग नकाशावर मांडा, नराची हद्द आपोआप उमटते. माजाचा जोर मार्च ते मे आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर असतो. त्या काळात ढिगांजवळून उगाच ये-जा नको.

पायी जवळ जाऊ नका. काळविटाची नजर फार तीक्ष्ण. उभा माणूस दिसला की कळप उड्या मारत सुटतो, ट्रॅक्टरला मात्र सरावलेला असतो. गाडीतच बसून, ऊन पाठीशी घेऊन, दीडशे-दोनशे मीटरवरून ८x४२ दुर्बिणीनं पाहा. मोटारसायकल मागं लावणं तर अजिबात नको: १९७२ च्या वन्यजीव कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे.

ज्वारी-हरभरा कोवळा असताना शेतात दिसलेला कळप म्हणजे वर्षभराची संख्या नव्हे. दर पंधरवड्याला, त्याच वेळी, त्याच वाटेनं मोजा.

आणि गवतात एकटं, निपचित पडलेलं पाडस दिसलं तर उचलू नका. पहिले काही दिवस आईच त्याला लपवून चरायला जाते आणि पाजायला परत येते. माणूस तिथं थांबून राहिला तर ती जवळ येत नाही, म्हणून लगेच मागं फिरा. पाडस जखमी असेल किंवा कठडा नसलेल्या विहिरीत पडलं असेल तरच वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, आणि माणसं येईपर्यंत कुत्री लांब ठेवा.